वरातीमागून जनुकशास्त्र

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलच्या संग्रहालयात अल्कोहोलच्या बाटलीत एक चिमणा ठेवलेला आहे. पायात नारिंगी कडं होतं म्हणून त्याला 'ऑरेंज बँड' म्हणत. 1987 च्या जूनमध्ये तो वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या आवारातल्या पिंजऱ्यात मेला, म्हातारा होऊन आणि एका डोळ्याने आंधळा. त्याच्याबरोबर डस्की सीसाइड स्पॅरो ही खाजणातल्या गवतात राहणारी काळपट चिमणी संपली. दोन वर्षांनी, 1989 मध्ये, 'सायन्स'मध्ये जॉन एव्हिस आणि विल्यम नेल्सन यांचा निबंध आला. या चिमणीचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए त्यांनी तिच्या भाऊबंदांशी ताडून पाहिला होता. अटलांटिक किनाऱ्यावरच्या इतर सीसाइड चिमण्यांपासून डस्की जवळजवळ वेगळी काढताच येत नाही, असं त्यांना आढळलं. खरी जुनी फारकत अटलांटिककडच्या आणि मेक्सिकोच्या आखाताकडच्या चिमण्यांमध्ये होती.

आता गंमत ऐका. डस्कीच्या शेवटच्या नरांना जोडीदार म्हणून ज्या माद्या आणल्या होत्या, त्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या होत्या. पत्रिका न बघता लग्न लावलं, नवरा मेला, आणि वर्षश्राद्धही उरकल्यावर गुरुजी पत्रिका घेऊन आले, असा हा प्रकार.

'जनुकशास्त्राच्या मदतीने पक्षीसंवर्धन' या विषयावर आजकाल फार गोड बोललं जातं. पिसाच्या टोकातून डीएनए काढतात, रंगीत नकाशे दाखवतात, श्रोते टाळ्या वाजवतात. मी या शास्त्राचा विरोधक नाही. उलट ते इतकं ताकदीचं आहे की चुकीच्या हातात गेलं तर ते पक्ष्याला मारूही शकतं, असं माझं म्हणणं आहे. 'हा पक्षी कसा वाचवायचा' हे या शास्त्राला विचारायला हवं. प्रत्यक्षात त्याला बहुतेक वेळा 'हा पक्षी वाचवण्याच्या लायकीचा आहे का' एवढंच विचारतात. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा त्या जमिनीचा सातबारा असतो.

डस्की चिमणी कशाने मेली हे कळायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नव्हती. मेरिट बेट आणि सेंट जॉन्स नदीचा वरचा भाग, एवढंच तिचं जग. 1940 च्या दशकात तिथे डासांसाठी डीडीटी फवारलं. पुढे अवकाशतळ आला आणि माणसांची वस्ती वाढली, तसे लोकांना डास आणखी चावू लागले. खाजणातला डास ओल्या चिखलावर अंडी घालतो, उघड्या पाण्यावर घालत नाही. म्हणून बांध घालून अख्खं खाजणच पाण्याखाली बुडवलं. डास गेले. चिमणीचं गवतही गेलं, कारण ते भरती-ओहोटीवर जगणारं गवत होतं, तळ्यात जगणारं नव्हतं. नदीकाठी उरलेल्या चिमण्यांच्या वाट्याला निचऱ्याचे चर, गुरांची कुरणं, वणवे आणि ऑरलँडोला अवकाशतळाशी जोडणारा महामार्ग आला. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या राष्ट्राला एका चिमणीसाठी भरतीचं पाणी आत येऊ देणं जमलं नाही.

बरं, कायद्याचं कवच नव्हतं असंही नाही. 1967 साली, संकटग्रस्त जीवांची पहिली सरकारी यादी झाली तेव्हापासून डस्की तिच्यात होती. मेरिट बेटावर तर अभयारण्यच होतं. मग 1973 मध्ये अमेरिकेच्या पक्षीशास्त्रज्ञांच्या संघाने तिची पदावनती केली. आतापर्यंत ती स्वतंत्र जाती होती, ती आता सीसाइड स्पॅरोची नुसती उपजाती ठरली. चिमणीत काडीचाही बदल झाला नव्हता. बदल एका समितीच्या मतात झाला होता. पण सरकारी कचेरीत पदावनतीचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

1975 नंतर मादी कुणाला दिसली नाही. 1979-80 मध्ये पाच नर पकडून आणले. आखाती माद्यांशी संकर करायचा, पिल्लं पुन्हा या नरांशी जोडायची आणि पिढ्यान्‌पिढ्या रक्त डस्कीच्या जवळ आणत जायचं, असा बेत होता. केंद्रीय वन्यजीव खात्याने हात वर केले. संकरित पिल्लू कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, तेव्हा त्यावर पैसा खर्च करता येत नाही. काम खासगी पैशावर रखडत सुरू झालं. त्या पिल्लांमधूनही पुढे काही उभं राहिलं नाही. 1990 मध्ये डस्कीचं नाव यादीतून काढण्यात आलं. कारण, नामशेष.

एव्हिस आणि नेल्सन यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी प्रामाणिक काम केलं, आणि पारंपरिक वर्गीकरणावर डोळे झाकून विसंबलं तर संवर्धनाचा पैसा आणि संकराचा बेत दोन्ही चुकू शकतात, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. हीच तपासणी 1980 मध्ये झाली असती तर माद्या जवळच्या, अटलांटिक किनाऱ्यावरून आणता आल्या असत्या. राग आहे तो त्या निबंधाचा दुसराच अर्थ काढणाऱ्यांवर. 'म्हणजे ती फारशी वेगळी नव्हतीच, मग गमावलं काय?' हे मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. गमावलं ते खाजण. ते खाजण त्या चिमणीने राखलं होतं, कारण ती यादीत असेपर्यंत निदान कुणाला तरी त्याचा जाब द्यावा लागत होता. ती संपली आणि जाब विचारण्याचा हक्कही संपला.

हा युक्तिवाद केवढा उपयोगी आहे हे सर्वांत आधी ओळखलं ते बांधकामवाल्यांनी. दक्षिण कॅलिफोर्नियात किनाऱ्यालगतच्या झुडपी माळावर कॅलिफोर्निया नॅटकॅचर नावाचा करडा, चिमुकला पक्षी राहतो. आवाज मांजराच्या पिल्लासारखा. त्याचं दुर्दैव असं की तो ज्या माळावर राहतो तो ऑरेंज काउंटी आणि सान दिएगो भागात आहे, अमेरिकेतल्या सर्वांत महाग जमिनींपैकी. 1993 मध्ये त्याच्या उत्तरेकडच्या उपजातीला कायद्याचं संरक्षण मिळालं. 2000 साली रॉबर्ट झिंक आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातला डीएनए तपासून सांगितलं की ही उपजाती जनुकांत दिसत नाही. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातून हा पक्षी अलीकडेच उत्तरेकडे पसरला, असं त्यांचं म्हणणं. 2013 मध्ये पेशीकेंद्रातले काही जनुक तपासून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. पुढच्याच वर्षी मालमत्ताधारक आणि घरबांधणी व्यावसायिकांच्या संघटनांच्या वतीने अर्ज दाखल झाला. उपजातीच नाही म्हणता ना? मग संरक्षण काढा. मेक्सिकोत आहेत की भरपूर.

या अर्जाची सफाई पाहून मला खरोखर दाद द्यावीशी वाटते. माळ तोडायचा आहे हे त्यात कुठेही नाही. सगळं विज्ञानाच्या नावाने. सामान्य माणूस विज्ञानापुढे मान तुकवतो, आणि तुकवलेल्या मानेवरून बुलडोझर न्यायला सोपा जातो.

मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो आणि संपूर्ण जनुकसंचाचा तो एक नगण्य तुकडा असतो. त्यात फरक दिसला तर फरक आहे असं म्हणता येतं. दिसला नाही तर तो त्या तुकड्यात दिसला नाही, एवढंच म्हणता येतं. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल असा हा भेद वकिलांच्या कागदात मात्र हमखास गळतो. मॅकॉरमॅक आणि मॅले या दोघांनी 2015 मध्ये झिंक यांचीच माहिती पुन्हा तपासली आणि उत्तरेकडचे पक्षी वेगळे असल्याच्या खुणा तिच्यात असल्याचं दाखवलं. 2016 मध्ये वन्यजीव खात्याने अर्ज फेटाळला. नैऋत्येकडच्या विलो फ्लायकॅचरवरही असाच अर्ज झाला होता, तिथे पशुपालकांची संघटना पुढे होती. तोही 2017 मध्ये फेटाळला गेला. दोन्ही पक्षी वाचले, असं कुणी म्हणेल. एका करड्या पक्ष्याला आपण कोण आहोत हे सिद्ध करायला इतकी वर्षं कचेऱ्यांच्या दारात उभं राहावं लागलं, असं मी म्हणेन. तोवर माळ कुठे थांबला होता?

टक्केवारीचं वेड हा या रोगाचा दुसरा चेहरा. 'अमुक टक्के डीएनए सारखा' असं म्हटलं की वाद मिटला, असा आपला समज. उत्तर अमेरिकेतल्या गोल्डन-विंग्ड आणि ब्लू-विंग्ड या दोन वार्बलरचं उदाहरण घ्या. एकाचा गळा काळा, दुसऱ्याचा पिवळा. गाणी वेगळी. शेंबडं पोरही दोघांना वेगळं ओळखेल. 2016 मध्ये डेव्हिड टोज आणि सहकाऱ्यांनी दोघांचा संपूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा ठळक फरक सापडला जेमतेम सहा ठिकाणी. बाकी 99.97 टक्के सारखं. यांतला गोल्डन-विंग्ड गेली कित्येक दशकं घटतो आहे. आता काय करायचं? टक्केवारीवाल्यांचं ऐकलं तर त्याला आजच निरोप द्यायला हवा. पण काळा गळा, वेगळं रूप, जे काही आपल्याला जपायचं आहे ते कदाचित याच सहा ठिकाणी असेल. तिथपर्यंत पोचवलं तेही जनुकशास्त्रानेच. मात्र त्यासाठी अख्खा ग्रंथ वाचावा लागला, एक पान फाडून भागलं नाही.

डस्कीची सख्खी बहीण अजून जिवंत आहे. फ्लोरिडाच्याच एव्हरग्लेड्समध्ये केप सेबल सीसाइड स्पॅरो राहते. 1981 च्या मोजणीत ती साडेसहा हजारांच्या आसपास होती, आता तिची संख्या निम्म्याहूनही कमी झाली आहे. ही चिमणी गवतात जमिनीपासून वीतभर उंचीवर घरटं बांधते. विणीच्या दिवसांत वरून पाणी सोडलं की घरटी बुडतात. 1993 पासून नेमकं तेच झालं आणि पश्चिमेकडचा तिचा मोठा गट कोसळला. स्टुअर्ट पिम यांच्यासारखे शास्त्रज्ञ ओरडून सांगत राहिले की पाण्याचे दरवाजे वेळेवर बंद करा. या प्रकरणात डीएनए काय सांगतो? काही नाही. काही सांगण्याची गरजही नाही. पाण्याच्या दरवाज्याचं चाक फिरवायला जनुकसंच वाचावा लागत नाही.

याच फ्लोरिडात जनुकशास्त्राने अस्सल काम करून दाखवलेलं आहे, आणि नेमकं ते फारसं कुणी सांगत नाही, कारण त्यातून गैरसोयीचं सत्य बाहेर आलं. आर्चबोल्ड जीवशास्त्रीय केंद्रावर फ्लोरिडा स्क्रब-जे या निळ्या पक्ष्याचा अभ्यास 1969 पासून सुरू आहे. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडी, प्रत्येकाची वंशावळ लिहिलेली. आपल्याकडे तीर्थक्षेत्रातल्या पंड्यांच्या वह्यांत पिढ्या नोंदवलेल्या सापडतात तेवढ्या काटेकोरपणे. केंद्राच्या राखीव जमिनीवर पक्ष्यांची संख्या बरी होती, जवळपास स्थिर. व्यवस्थापक समाधानी. नॅन्सी चेन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये या पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि समाधानाला सुरुंग लागला. संख्या स्थिर असली तरी नात्यातल्या नात्यात जोड्या जमणं वाढलं होतं आणि अशा जोड्यांची अंडी कमी उबत होती. का? आजूबाजूला विखुरलेले छोटे छोटे गट घटले होते. बाहेरून येणारे तरुण पक्षी कमी झाले होते. ताजं रक्त आटलं होतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. 'एवढ्याशा झुडपात चार पक्षी आहेत, ते गेले तरी मुख्य वसाहत शाबूत आहे' हे वाक्य जगातल्या प्रत्येक पर्यावरण-परवानगीच्या फायलीत सापडतं. आपल्याकडेही. ते खोटं आहे, हे जनुकांनी दाखवलं. त्या चार पक्ष्यांवर मुख्य वसाहतीची पुढची पिढी अवलंबून होती. योग्य प्रश्न विचारला की हे शास्त्र बिल्डरच्या नव्हे, झुडपाच्या बाजूने साक्ष देतं. म्हणूनच मला त्याच्या गैरवापराची अधिक चीड येते.

एक गोष्ट मात्र जनुकांत शोधून सापडणार नाही, ती म्हणजे गाणं. बहुतेक गायक पक्ष्यांची पिल्लं गाणं ऐकून शिकतात. ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर आता रानात तीनशेच्या आसपास उरला आहे, आणि पक्षी इतके विरळ झाले आहेत की तरुण नरांना शिकवायला वडीलधारा नर जवळपास नसतो. रॉस क्रेट्स आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवलं की काही नर दुसऱ्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी म्हणत हिंडतात. अशा नराकडे मादी फिरकेल कशाला? जनुक शाबूत, परंपरा तुटलेली. 'डीएनए साठवून ठेवू, नंतर बघू' असं सांगणाऱ्या मंडळींनी शीतपेटीत गाणं कसं साठवतात तेही एकदा सांगावं.

आता आपल्याकडे येऊ. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, निलगिरी, अनामलाई, पळणी आणि अगस्त्यमलाईच्या डोंगरमाथ्यांवर शोला आहेत. गवताळ उतारांच्या खोबणीत लपलेली ठेंगणी, ओली जंगलं. तिथले पक्षी खालच्या उष्ण दऱ्या ओलांडत नाहीत, त्यामुळे प्रत्येक डोंगर म्हणजे त्यांच्यापुरतं बेट. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी या पक्ष्यांवर अनेक वर्षं काम केलं. पालघाटची खिंड आणि शेनकोट्टाची खिंड यांनी या पक्ष्यांच्या वंशात लाखो वर्षांपूर्वीच फूट पाडली होती, हे त्यांनी दाखवलं. 2017 मध्ये त्यांनी शोलाकिळी आणि चिलप्पन या पक्ष्यांसाठी दोन नवे वंश मांडले, शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला. ज्यांना आपण इतकी वर्षं हिमालयाकडच्या पक्ष्यांचे भाऊबंद समजून त्यांच्याच खात्यात टाकत होतो, ते जगात दुसरीकडे कुठेच नसलेले निघाले. अगस्त्यमलाईची शोलाकिळी तर नवी जाती म्हणूनच नोंदली गेली. (पळणीच्या चिलप्पनाला ब्लॅनफर्डने 1869 मध्ये ज्यांचं नाव दिलं ते सॅम्युएल फेअरबँक आपल्या अहमदनगरकडचे मिशनरी. नगरच्या किती लोकांना हे ठाऊक आहे, देव जाणे.) आणखी एका अभ्यासात याच चमूला शोलाकिळीच्या जनुकांत अलीकडच्या जंगलतोडीच्या खुणा सापडल्या. खिंडींनी जे लाखो वर्षांत केलं, त्याची पुढची आवृत्ती चहाचे मळे काढत आहेत.

असं काम जगात कुणीही मिरवावं. कुठल्या डोंगरावरचा गट स्वतंत्र जपायला हवा आणि कुठल्या दोन तुकड्यांमधली वाट पुन्हा जोडायला हवी, याचा सरळ नकाशा त्यात आहे. पण त्याने सर्वांत आधी हललं काय? पक्षीनिरीक्षकांची यादी. आमच्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी उटी, मुन्नारच्या गाड्या धरल्या, नवे लाइफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेल्या जाती, पदरात पाडून घेतले, फोटो टाकले. एका जातीच्या दोन-तीन झाल्या की सहलीचा खर्च वसूल होतो. तिथल्या गवताळ उतारांचं काय? पळणीच्या डोंगरांचा उपग्रहचित्रांवरून केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. चार दशकांत तिथलं दोन तृतीयांश गवताळ क्षेत्र लाकडाच्या लागवडींनी आणि शेतीने गिळलं होतं. वॅटल, निलगिरी, पाइन. हे सगळं 'हिरवं' दिसतं, म्हणून कुणाला खुपत नाही. गवतावर जगणारी निलगिरी तीरचिमणी त्या हिरवाईत कुठे राहणार, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आणि हसू नका, आपण वेगळे नाही. महाराष्ट्रातला माळ सरकारी दप्तरात पडीक असतो. 2019 मध्ये आपण 33 कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला, पोस्टरं लागली, पुढाऱ्यांनी खड्ड्यात पाणी घालताना फोटो काढून घेतले. माळावर जमिनीलगत घरटं करणाऱ्या चंडोलाला झाड नको असतं, उघडं गवत हवं असतं. चंडोल आपल्या पठारावरचा अव्वल गायक. उद्या तो घटला तर आपल्याकडेही एखादा प्रकल्प निघेल, रक्ताचे नमुने घेतले जातील, दख्खनचा चंडोल आणि गुजरातचा चंडोल जनुकांत किती टक्के वेगळे यावर परिसंवाद होईल, जेवणात श्रीखंड असेल. माळावर गिरिपुष्पाची रोपं तशीच वाढत राहतील.

माझी मागणी फार मोठी नाही. पक्षी शंभरांत उरले की मग तपासण्यापेक्षा हजारांत असताना तपासा, म्हणजे निकालावर काही करता येईल. तपासणीचा प्रश्न जमिनीच्या मालकाने ठरवू नये. 'वेगळेपण सिद्ध झालं नाही' या कारणावरून कुठल्याही गटाचं संरक्षण काढू नये, कारण न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. आणि अधिवासाच्या कामाला जनुकांच्या अहवालाची वाट पाहायला लावू नये. पाणी, गवत, आग, गुरं यांचे निर्णय आजच्या माहितीवर आजच घेता येतात.

तुमच्या तालुक्यात एखादा माळ 'पडीक' म्हणून झाडांना, सौर पट्ट्यांना किंवा गोदामांना देण्याचा प्रस्ताव आला आणि त्याच्या अहवालात 'येथे कोणतीही दुर्मीळ प्रजाती आढळत नाही' हे वाक्य दिसलं, तर हरकतींची मुदत टळायच्या आत लेखी विचारा: पाहणी कोणत्या महिन्यात केली, विणीच्या हंगामात केली का, आणि तिचे पैसे कुणी दिले.